चुंबकाने औषध गाठीपर्यंत नेणं: कुठवर आलंय, घोडं कुठे अडलंय?

मृदगंध

कॅन्सरवरच्या दुसऱ्या एका धाग्यावर दोघांनी विचारलं होतं, म्हणून हा वेगळा धागा काढते. त्यांचा प्रश्न असा: लोखंडाच्या नॅनोकणांना औषध चिकटवायचं, शिरेतून सोडायचं, गाठीवर बाहेरून चुंबक धरायचं, की औषध तिथेच गोळा होतं आणि बाकी शरीराला झळ लागत नाही. हे खरं आहे का? असेल तर आपल्या दवाखान्यांत का मिळत नाही?

माझी पीएचडी याच कणांवर झाली आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आधी कण कसे दिसतात ते सांगते. लोहाचे दोन क्षार ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवायचे, नायट्रोजनचा प्रवाह चालू ठेवायचा आणि ढवळत ढवळत अमोनिया घालायचा. पिवळट-तपकिरी द्राव बघता बघता काळाकुट्ट होतो. हा झाला मॅग्नेटाइट, कण साधारण 10 नॅनोमीटरचे. बीकरला चुंबक लावलं की काळा गाळ काचेच्या त्या बाजूला सरकतो आणि उरलेलं पाणी नितळ होतं. कणांवर नीट लेप दिलेला असेल, तर चुंबक काढून हलवल्यावर सगळं पुन्हा मिसळून जातं. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात: क्षेत्र असेल तोवरच कण चुंबक असतात, क्षेत्र गेलं की त्यांचं चुंबकत्वही जातं. शरीरात सोडायचं तर हे हवंच. नाहीतर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतील आणि केशवाहिन्या तुंबतील.

बीकरमधलं ते दृश्य पाहिलं की कोणालाही वाटतं, आता फक्त माणसात करून बघायचं राहिलंय. पण बीकरमधलं पाणी स्थिर असतं आणि चुंबक काचेला टेकलेलं असतं.

माणसात करून बघितलंही आहे, आणि तेही फार पूर्वी. रक्तवाहिन्यांतून चुंबकीय कण फिरवता येतील ही कल्पना 1960 साली कागदावर आली. 1970च्या दशकाच्या अखेरीस अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्म गोळ्यांत मॅग्नेटाइट आणि डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध भरून उंदरांवर प्रयोग झाले. 1996 मध्ये बर्लिनमधल्या अँड्रियास ल्युबे यांच्या गटाने माणसांवरची पहिली चाचणी प्रसिद्ध केली. एपिरुबिसिन हे त्याच जातीचं औषध बांधलेला चुंबकीय द्राव 14 रुग्णांना दिला आणि गाठीजवळ चुंबक ठेवलं. रुग्णांना तो सोसला, आणि सुमारे निम्म्या जणांत कण गाठीपर्यंत पोचल्याचं दिसलं. उरलेले कण मात्र यकृतात गेले. पुढे अमेरिकेतल्या फेरएक्स कंपनीने यकृताच्या कॅन्सरसाठी लोखंड-कार्बनचे कण आणले. ते कॅथेटरने थेट यकृताच्या धमनीत सोडायचे आणि पोटावर चुंबक ठेवायचं. चाचणी पूर्ण होण्याआधीच गुंडाळावी लागली.

म्हणजे कल्पना नवी नाही आणि कोणी दाबूनही ठेवलेली नाही. माझं म्हणणं आधीच मांडते, पटलं नाही तर भांडू. नॅनोकणांनी आजवर रुग्णांना जे खरोखर दिलं, ते नेमबाजीमुळे नाही. औषध हृदयापासून, मूत्रपिंडापासून दूर ठेवल्यामुळे दिलं. यापुढे मोठी मजल मारायची असेल, तर कण कुठे न्यायचा यापेक्षा तो औषध कधी सोडतो यावर जास्त भर द्यावा लागेल.

---

भौतिकवेडा

छान धागा. "चुंबक कमी पडतं" एवढ्यावर थांबू नये असं वाटतं, म्हणून भौतिकशास्त्राची बाजू लिहितो.

कणावर लागणारं बल नुसत्या क्षेत्रावर अवलंबून नसतं. क्षेत्र किती झपाट्याने बदलतं, म्हणजे त्याचा उतार किती, यावरही असतं. चुंबकापासून दूर गेलं की क्षेत्र घटतं आणि उतार त्याहूनही लवकर घटतो. त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरवर जे जमतं, ते दहा सेंटिमीटर खोल स्वादुपिंडात जमत नाही.

दुसरं, बल कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असतं. 10 नॅनोमीटरच्या कणाऐवजी 100 नॅनोमीटरचा घेतला तर बल हजारपट होतं. द्रवाचा विरोध मात्र व्यासाच्या प्रमाणात, म्हणजे दहापटच वाढतो. त्यामुळे ओढला जाण्याचा वेग शंभरपट. मग मोठाच कण का घेत नाहीत? कारण एकसंध मोठा कण सुपरपॅरामॅग्नेटिक राहत नाही. यावर तोडगा म्हणून पुष्कळ बारीक कण एका पॉलिमरच्या गोळीत कोंबतात.

तिसरी अडचण मूलभूत आहे. बाहेर ठेवलेल्या स्थिर चुंबकांची रचना कितीही हुशारीने केली, तरी क्षेत्राचा सर्वोच्च बिंदू शरीराच्या आत, मधोमध आणता येत नाही. तो नेहमी चुंबकाच्या बाजूलाच राहतो. अर्नशॉने 1842 मध्ये मांडलेल्या सिद्धांताच्या कुळातलीच ही गोष्ट. कण पृष्ठभागाकडे ओढता येतात, पण खोल जागी "पकडून" ठेवता येत नाहीत. हे बंधन चांगल्या अभियांत्रिकीने दूर होणारं नाही. त्याला वळसा घालावा लागतो: क्षेत्र सतत बदलत ठेवा, किंवा गाठीजवळ आतच एखादं चुंबकीय रोपण ठेवा. मॉन्ट्रियलमध्ये सिल्व्हेन मार्टेल यांच्या गटाने 2007 साली एमआरआय यंत्राचीच क्षेत्रं वापरून जिवंत डुकराच्या मानेतल्या धमनीत 1.5 मिलिमीटरचा मणी हवा तसा फिरवून दाखवला. पण तो मणी मिलिमीटरचा होता, नॅनोमीटरचा नाही. मधलं अंतर फार मोठं आहे.

---

सह्यकडा

मृदगंध ताई, भौतिकवेडा, दोघांचे आभार. मी विज्ञानाचा नाही, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं, पण मला हे मनापासून समजून घ्यायचंय. माझ्या मावशीला अंडाशयाचा कॅन्सर आहे, तो उलटलाय. नात्यातल्या एकांनी एका ठिकाणचा पत्ता दिला. तिथे "नॅनो मॅग्नेटिक थेरपी" करतात म्हणे. काही लाख आगाऊ भरायचे आणि कागदावर लिहून काहीच देत नाहीत. मावसभाऊ जमीन गहाण टाकायला निघालाय. काय सांगू त्याला?

---

डॉ_निशाचर

सह्यकडा, आधी तुमचं. पैसे भरू नका आणि जमिनीला हात लावू नका. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी, शिरेतून कण देऊन चुंबकाने गाठीत नेणारा कोणताही उपचार आज नेहमीच्या वापरात मान्य नाही, इथेही नाही आणि परदेशातही नाही. कोणी देत असेल तर ती चाचणीच असू शकते, आणि चाचणी म्हटली की नियम आले. भारतातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ती संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. नैतिकता समितीची मंजुरी लागते, मावशींना कळेल अशा भाषेत लेखी संमतिपत्र लागतं, आणि ज्या औषधाची चाचणी चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. त्या माणसाकडे फक्त सीटीआरआय क्रमांक मागा. पुढचं आपोआप कळेल.

मावशींना सध्या कोणतं औषध चालू आहे ते सांगता का?

आता धाग्याच्या विषयाकडे. मृदगंध यांनी "दूर ठेवल्यामुळे" म्हटलंय, ते वॉर्डात रोज दिसतं. डॉक्सोरुबिसिन जालीम औषध आहे. एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचे स्नायू कमजोर होतात. तेच औषध 100 नॅनोमीटरच्या आतल्या, पॉलिमरचा लेप असलेल्या लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलं, ते डॉक्सिल. 1995 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे पहिलं नॅनो-औषध. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साध्या औषधाशी त्याची थेट तुलना झाली (2004). गाठीवरचा परिणाम जवळपास सारखाच, हृदयाचा त्रास बराच कमी. वय झालेल्या, आधीच हृदय नाजूक असलेल्या बाईसाठी हा फरक फार मोलाचा असतो. 2012 मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला, तेव्हा त्यांच्या औषध प्रशासनाने सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं होतं.

आणि 2021चा मे महिना महाराष्ट्रात कोण विसरेल? काळ्या बुरशीचे रुग्ण, आणि लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनसाठी रात्री-बेरात्री फिरणारे नातेवाईक. दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅम मात्रा धरली, तर 60 किलोच्या माणसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, एका दिवसाला. आणि असे दिवस आठवड्यांनी मोजायचे. साधं अॅम्फोटेरिसिन त्यामानाने मिळत होतं. पण ते द्यायचं म्हणजे आधी सलाइन, मग चार-सहा तास थेंब थेंब, अंगात हुडहुडी, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) व पोटॅशियमवर सतत नजर. मधुमेह्याचं मूत्रपिंड आधीच दमलेलं असायचं. लायपोसोममध्ये बंद केलेलं औषध त्या मूत्रपिंडाला बरंच कमी छळतं. बुरशी मारणारा रेणू दोन्हींत एकच. चरबीच्या त्या पातळ पिशवीसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. आपल्याकडचं फंगीसोम हे लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन घडवण्यात मुंबईच्या केईएममधल्या संशोधकांचा मोठा वाटा होता, हेही इथे नोंदवतो.

---

मृदगंध

@डॉ_निशाचर, सह्यकडांना वेळेवर उत्तर दिलंत, फार बरं झालं.

डॉक्सिलमध्येच पुढचा प्रश्न दडलेला आहे. त्यात औषध इतकं घट्ट बसतं की आत त्याचे स्फटिक होतात. त्यामुळे रक्तात गळत नाही आणि हृदय वाचतं. पण गाठीत पोचल्यावरही ते सावकाशच सुटतं. रक्तात घट्ट राहायचं आणि गाठीत सैल व्हायचं, या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणून इशाऱ्यावर उघडणारे कण. इशारा आतला असू शकतो, म्हणजे आम्लता, एखादं विकर (एन्झाइम) किंवा पेशीतला ग्लुटाथायोन हा रेणू. किंवा बाहेरून दिलेला: उष्णता, प्रकाश, ध्वनिलहरी, बदलतं चुंबकीय क्षेत्र.

आम्लतेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शोधनिबंधांत सर्वांत जास्त तीच दिसते. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) 7.4, गाठीभोवती साधारण 6.5 ते 6.8. हा फरक तुटपुंजा आहे आणि एकाच गाठीत जागोजागी बदलतो. त्यावर नेमका उघडणारा रेणू बनवताना भल्याभल्यांनी हात टेकलेत. पेशीने कण गिळल्यावर तो ज्या कप्प्यात जातो तिथे मात्र पीएच 5 ते 6 पर्यंत उतरतो, पुढे त्याहूनही खाली. हा इशारा भरवशाचा आहे. ग्लुटाथायोनचंही तसंच. पेशीच्या आत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतं, त्यामुळे गंधकाच्या दोन अणूंमधले डायसल्फाइड बंध बाहेर टिकतात आणि आत तुटतात.

हे सगळं अजून कागदावरच आहे असं समजू नका. फायझर किंवा मॉडर्नाची कोविड लस घेतलेल्या प्रत्येकाने आम्लतेला प्रतिसाद देणारे नॅनोकण दंडात टोचून घेतले आहेत. त्यातली मुख्य चरबी रक्ताच्या पीएचला जवळपास उदासीन असते. पेशीतल्या आम्ल कप्प्यात तिच्यावर धन भार येतो, ती कप्प्याच्या भिंतीत घुसते आणि एमआरएनए, म्हणजे लसीतला संदेश वाहणारा रेणू, बाहेर पडतो. कोट्यवधी लोकांत चाललेलं हे तंत्र आहे. ते का चाललं? कारण तिथे कणाला दूरच्या गाठीचा माग काढायचा नव्हता. टोचलेल्या जागेजवळच्या आणि लसिका ग्रंथींतल्या (लिम्फ नोड) पेशींनी तो गिळला की काम झालं. म्हणून मी म्हणते, उघडण्याचं कोडं बऱ्यापैकी सुटलंय, पोचण्याचं नाही.

---

बर्लिनकर

बर्लिनमध्ये अनेक वर्षं राहतोय, वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात आहे. चुंबकीय कणांची कहाणी नॅनोथर्म या उपचाराशिवाय अपुरी राहील, म्हणून लिहितो.

इथल्या अँड्रियास जॉर्डन यांनी पोचवण्याचा प्रश्नच बाजूला ठेवला. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या जहाल गाठीमध्ये लेप दिलेले लोह-ऑक्साइडचे कण सुईने थेट सोडायचे आणि मग डोकं 100 किलोहर्ट्झच्या बदलत्या क्षेत्रात ठेवायचं. कण तापतात, गाठ आतून शेकली जाते, जोडीला रेडिएशन. यात औषध नाहीच, उष्णता हाच उपचार. युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली. 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात 59 रुग्णांचा आजार उलटलेला होता. पहिल्यांदा उलटल्यापासूनचं मध्यक आयुर्मान 13.4 महिने आलं. आकडा आशादायक होता, पण बरोबरीने तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे शंका राहिली.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर अटी कडक. दातांत धातूचं भरण किंवा टोपी असेल तर ती आधी काढायची, नाहीतर तीच तापणार. आणि कण डोक्यातच राहत असल्याने त्या भागाचा एमआरआय बिघडतो. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला एमआरआयशिवाय राहायला सांगणं सोपं नाही. हा उपचार आणणाऱ्या मॅगफोर्स कंपनीने 2022 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मला हे मनाला लागलं, कारण विज्ञान खोटं नव्हतं.

---

ओवी

सगळं वाचतेय, सुंदर चर्चा. एक शंका. लोहभस्म म्हणजेही लोहाचे नॅनोकणच ना? मग आपल्याकडे हे आधीपासून होतं असं म्हणता येईल का?

---

मृदगंध

ओवी, चांगली शंका आहे. वारंवार पुटं देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजून, भस्मातले कण फार बारीक होतात. काही भस्मांच्या तपासण्यांत नॅनो मापाचे कणही सापडले आहेत. पण आपण इथे बोलतोय त्यासाठी आकार ही पहिली पायरी झाली. सगळे कण जवळपास एकाच मापाचे हवेत, त्यांच्यावर ठरवून दिलेला लेप हवा, त्यात मोजलेलं औषध हवं, ते निर्जंतुक हवेत आणि रक्तात गुठळी न होता टिकायला हवेत. भस्म पोटातून घ्यायचं असतं, त्याचा हेतूही निराळा. तेव्हा दोन्हींची गल्लत नको. आणि कॅन्सरच्या रुग्णाने केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता कोणतंही भस्म घेऊ नये, हे कळकळीने सांगते.

लोहाचे कण रक्तात देणं मात्र आज रूढ आहे. फेरुमॉक्सिटॉल हा लेप दिलेला लोह-ऑक्साइडच. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या अॅनिमियासाठी अमेरिकेत 2009 मध्ये त्याला मान्यता मिळाली. शरीर त्यातलं लोह हळूहळू वापरतं. तीव्र अॅलर्जीच्या घटनांमुळे 2015 मध्ये त्यावर ठळक इशारा छापावा लागला, तेव्हा "लोहच तर आहे" म्हणून निर्धास्त होता येत नाही.

---

भौतिकवेडा

पोचण्याच्या प्रश्नावर एक आकडा हवा. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत किती जातात? 2016 मध्ये टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून मध्यक काढलं: 0.7 टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात.

1986 मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं होतं की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे साठतात. साऱ्या क्षेत्राची भिस्त त्यावर होती. उंदरात गाठ भराभर वाढते, म्हणून गळतीही भरपूर. माणसात ती रुग्णागणिक, गाठीगणिक वेगळी.

---

डॉ_निशाचर

0.7 हा आकडा खरा, पण तो एकटा वाचू नये. साध्या औषधाचाही फार थोडा अंश गाठीत जातो. तुलना त्याच्याशी करायला हवी, आणि गाठीत किती गेलं याबरोबर हृदयात, मज्जेत किती गेलं हेही पाहायला हवं.

उष्णतेने उघडणाऱ्या कणांचा अनुभवही लिहितो. थर्मोडॉक्स म्हणजे सुमारे 40 अंशांवर काही सेकंदांत डॉक्सोरुबिसिन सोडणारे लायपोसोम. यकृताची गाठ रेडिओलहरींनी जाळतात, तेव्हा कडेचा भाग कोमट राहतो आणि तिथेच पेशी वाचतात. नेमकं तिथे औषध सुटावं, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. 701 रुग्णांची मोठी चाचणी झाली, जानेवारी 2013 मध्ये निकाल आला: फायदा नाही. मग आकडे पुन्हा चाळले. ज्यांची गाठ 45 मिनिटं किंवा जास्त वेळ तापवली होती, त्यांना फायदा झालेला दिसला. तेवढ्यावर 556 रुग्णांची दुसरी चाचणी उभी केली. तीही 2020 मध्ये अपयशी ठरली. निकाल लागल्यावर निवडलेल्या उपगटावर किती भरवसा ठेवायचा, हे मी निवासी डॉक्टरांना याच उदाहरणावरून शिकवतो.

चुंबकीय कणांचा रोजच्या वापरात आलेला उपयोग सांगायचा तर तो निदानातला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिली लसिका ग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो ती, शोधण्यासाठी लोह-ऑक्साइडचा द्राव स्तनात टोचतात आणि हातातल्या चुंबकीय शोधकाने ग्रंथी हुडकतात. किरणोत्सारी द्राव्याची सोय नसलेल्या ठिकाणी हे वरदान आहे. अमेरिकेत त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली. त्वचेवर तपकिरी डाग काही काळ राहतो, एवढं आधी सांगून ठेवावं.

---

मृदगंध

आपल्याकडे काय चाललंय असं व्यनितून विचारलं गेलं. आयआयटी मुंबईत आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात चुंबकीय कण, त्यांनी होणारी उष्णता आणि त्यावर बांधलेलं औषध यांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष यांच्या गटाने मळसूत्राच्या आकाराचे नॅनोकण फिरत्या चुंबकीय क्षेत्राने पुढे सरकवले. त्यातूनच निघालेल्या कंपनीने ते दातांतल्या सूक्ष्म नलिकांत खोलवर घालून दाखवले. मला हा मार्ग फार आवडतो. दात हाताशी असतो, चुंबक जवळ आणता येतं, आणि रक्तप्रवाह आडवा येत नाही. नॅनो-औषधं कशी तपासावीत याची भारताची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर 2019 मध्ये आली, तीही महत्त्वाची गोष्ट.

डोळा, सांधा, दात, मूत्राशय, त्वचेलगतच्या गाठी: जिथे कण थेट सोडता येतात आणि क्षेत्र पोचतं, तिथे आधी काम होईल असं माझं मत आहे. निधी मात्र शिरेतून सोडून सगळ्या शरीरात नेम साधणाऱ्या प्रस्तावांना लवकर मिळतो, आणि विद्यार्थी उंदराच्या मांडीवरच्या गाठीपाशी अडकतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

सह्यकडा

डॉक्टर, सीटीआरआय क्रमांक विचारला. "आमची पद्धत वेगळी आहे, क्रमांक नसतो" असं उत्तर आलं. मावसभावाला हा धागा वाचून दाखवला, त्याने नाद सोडलाय. मावशीच्या फाइलमध्ये पुढच्या केमोसाठी "लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन" लिहिलंय. म्हणजे वर तुम्ही सांगितलेलंच ना? घरी काय काळजी घ्यायची?

---

डॉ_निशाचर

हो, तेच. पहिल्या वेळी औषध चढताना चेहरा लाल होणं, छाती जड वाटणं किंवा पाठ दुखणं, यांतलं काहीही झालं तर लगेच नर्सना सांगायचं. वेग कमी केला की बहुतेकदा थांबतं. नंतर लघवी लालसर होऊ शकते. तो औषधाचा रंग असतो, रक्त नव्हे.

या औषधाचा खास त्रास म्हणजे तळहात आणि तळपाय लाल होणं, चुरचुरणं, सोलवटणं. कण त्वचेत, विशेषतः दाब आणि घर्षणाच्या जागी साठतात. प्रत्येक डोसनंतरचे काही दिवस गरम पाण्यात हात नको, भांडी-धुणं दुसऱ्या कोणीतरी करावं, घट्ट चपला आणि पाटल्या काढून ठेवाव्यात, साधं मलम हलक्या हाताने लावावं, चोळू नये. लाली दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. डोस पुढे ढकलता येतो, कमी करता येतो. बायका हे अंगावर काढतात, म्हणून त्यांना रोज तुम्हीच विचारा.

हृदयाचा इको आधी झालाय का, तेवढं फाइलमध्ये बघून सांगा.